बेंगळुरात खायला काय कमी?

...आणि वर मलाच म्हणतो, "आई, बेंगळुरात खायला काय कमी आहे?" आता कमी आहे असं मी म्हटलं होतं का? तुम्हीच सांगा, म्हटलं होतं? मी एवढंच म्हटलं, बाबा रे, मला इथं जेवण जात नाही. जेवण जात नाही म्हटल्यावर माणूस काय विचारतो? का गं, काय होतंय, बस जरा माझ्यापाशी... असंच न्हवं? आमचा संतोष लागला फोनवर बोट सरकवायला! "हे बघ आंध्रा थाळी, हे उडुपी, हे मंगळूरकडचे मासे, हे केरळचं, आणि हे बघ आई, तुझं कोल्हापुरी पण आहे!" बोट वर चाललंय, ताटं सरकतायत, मी म्हटलं अरे थांब, मला गरगरायला लागलं, घास न खाताच उलटी व्हायची आता!

मी भागीरथी. निपाणीची. आमचे हे गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून संतोषचं एकच टुमणं, आई, त्या घराला कुलूप घालू आणि तू कायमची इकडं ये. इकडं म्हणजे व्हाइटफील्डला, इतक्या उंच मजल्यावर की खिडकीतून बघितलं तर घार आपल्या खालून जाते! दिवाळीपर्यंत विचार करून सांग म्हणाला. सांगते म्हटलं. पण तुम्हाला म्हणून सांगते, मनाशी मी एक अट घातली होती. मोठी नाही वो. एवढ्या लाखो माणसांच्या गावात मला पानाशी एक माणूस मिळू दे. एकच. समोर बसून जेवणारं, मला "घ्या की अजून" म्हणणारं, आणि मी म्हटलं तर घेणारं. मिळालं तर राहिले, नाही मिळालं तर चालले आपली निपाणीला.

तुम्ही म्हणाल, घरात दोन माणसं आहेत की! आहेत. नाही म्हणत नाही, सोन्यासारखी आहेत. सून दिव्यश्री, कन्नड आहे, मला अत्ते, अत्ते म्हणते, जीव लावते. पण ती जेवतच नाही! सोळा तास उपास. रोज! मी म्हटलं, कसला गं, एकादशी नाही, संकष्टी नाही, कुठल्या देवाचा? तर तिनं फोन दाखवला. फोनात एक घड्याळ फिरतंय, ते सांगतंय कधी तोंड उघडायचं. बरं, उपासाला साबुदाणा तरी भिजवू? नको अत्ते, काळी कॉफी. आता काळ्या कॉफीचा आग्रह कसा करायचा, सांगा मला! आणि संतोष, तो जेवतो, पण कुणाबरोबर? अमेरिकेबरोबर! आपली दिवेलागण झाली की तिकडं उजाडतं आणि हा ताट घेऊन कॉम्प्युटरपुढं. सहा खुर्च्यांचं टेबल घेतलंय हौसेनं, त्यावर कॉम्प्युटर आणि वायरींचा गुंता, ताट ठेवायला जागा नाही. एकदा मला राहवलं नाही. मागून गेले आणि म्हटलं, "संत्या, अजून अर्धी भाकरी घे की रे, सकाळपासून काय खाल्लंयस?" ...ते त्याचं बटण चालू होतं. माझी अर्धी भाकरी अख्ख्या अमेरिकेनं ऐकली! तिकडून कुणीतरी घाबरून विचारलं म्हणे, "सॅन्टोष, एव्हरीथिंग ओके?" त्यानंतर मला नियमच झाला. "आई, आमची वाट बघत बसू नकोस. तू जेवून घे."

जेवून घे! गोळी घ्यावी तसं जेवून घ्यायचं? अहो, माझा जन्म गेला सगळ्यांना वाढून मागनं जेवण्यात. सासू, सासरे, दीर, हे, पोरं, आलंगेलं... सगळ्यांची पानं उठली की मग मी. समोर कुणी जेवल्याशिवाय घास खाली उतरायची माझ्या घशाला सवयच नाही. ते सगळं संतोषला सांगितलं तर म्हणतो, "म्हणूनच म्हणतोय, बाहेर जा, मोकळी हो, आवडेल ते खा. बेंगळुरात खायला काय कमी आहे?"

निघाले. गेटवर वॉचमन, रोज मला विचारतो, "ऊट आयता अम्मा?" म्हणजे जेवण झालं का. मला आधी किती बरं वाटायचं, म्हटलं चला, हा तरी विचारतोय! मी सांगायला तोंड उघडेपर्यंत तो मागच्या गाडीला गेट उघडायला गेलेला असतो. इथं तसंच असतं म्हणे, आपण "काय, बरं न्हवं?" म्हणतो तसं. असू दे. तर कोपऱ्यावर एक दर्शिनी आहे, म्हणजे इथलं झटपट खायचं हॉटेल, संतोष म्हणाला तिथली इडली म्हणजे लोणी. आत गेले आणि दचकले! सगळे उभे! मला वाटलं कुणी मोठा माणूस आलाय, त्याच्यासाठी उठलेत. नाही हो, तिथं बसायचंच नसतं. खुर्च्या भरल्यात असं नव्हे, खुर्च्याच नाहीत! स्टीलची उंच उंच टेबलं, मला हनुवटीला लागतात, आणि त्याभोवती माणसं उभ्यानं खातायत, घोड्यांना तोबरे बांधल्यासारखी. काउंटरवर मी आमच्या निपाणीच्या कन्नडमध्ये म्हटलं, इडली-वडा कोडरी. तो हसला. "अम्मा, हुब्बळ्ळीकडच्या काय?" म्हटलं निपाणी. "सरी, सरी... टोकन."

आता ताट घेऊन एका टेबलाशी उभी राहिले. समोर एक गृहस्थ. माझं आपलं मनात, यांनी सुरुवात केली की मग आपण. मी पदर सावरला, पिशवी खांद्याला लावली, वर बघते तर गृहस्थ हात धुवायला गेलेले! दुसरे आले. म्हटलं यांच्याबरोबर जेवू. अहो, यांनी डोसा खाल्ला नाही, यांनी तो भरून घेतला, रॉकेल भरून घ्यावं तसा! तिसरी एक मुलगी, ती उभीसुद्धा राहिली नाही, चालता चालताच खाल्लं. माझी इडली गार. मग आला एक लुकडा पोरगा, कानात ती बुचं घातलेली, आणि ताटात एक इडली. एक! तुम्हाला सांगते, माझ्या काळजात चर्र झालं. माझा वडा तसाच होता, हातसुद्धा लावला नव्हता, उचलला आणि ठेवला त्याच्या ताटात. "खा रे बाबा," म्हटलं, "घरापासून लांब आहेस." त्यानं कानातलं काढलं. माझ्याकडं बघितलं. वड्याकडं बघितलं. आणि काय विचारलं असेल? "आंटी, स्कॅनर?" फोन काढून उभा! मी काय तिथं वडे विकायला आले होते?

संध्याकाळी संतोषला सांगितलं तर हसून हसून त्याला ठसका लागला. दिव्यश्रीनं त्याला गप्प केलं, म्हणाली, "अत्ते, बसून जेवायचं ना तुम्हाला? केळीच्या पानावर जेवण मिळतं, तिथं जा." गेले. आणि छान होतं बघा! बसायला बाकडी, पुढं पान, पानावर पाणी शिंपडलं, म्हटलं आता खरी पंगत. वाढपी आला बादली घेऊन. अन्ना? म्हणजे भात वाढू का. मी आपला हात आडवा केला.

आता आपल्यात हात आडवा करणं म्हणजे काय? तुम्हाला सांगायला नको. पहिलं "नको" हे "नको" नसतंच मुळी! ते नमस्कारासारखं असतं, करायचं असतं म्हणून करायचं. दुसरं "नको" म्हणजे, बघू या तुम्ही किती म्हणताय ते. आणि तिसऱ्याला हात आडवा, तर वाढणारा जातिवंत असेल तर तो बोटांच्या फटीतनं वाढतो! आमचे सासरे तर दोन्ही हातांनी ताट झाकायचे, आणि वाढलं नाही तर संध्याकाळपर्यंत तोंड फुगवून बसायचे. तर मी हात आडवा केला. वाढप्यानं बघितलं. "बेडा? सरी." म्हणजे नको? बरं! आणि गेला पुढं! सरी! एका शब्दात पंगत संपली माझी! मागनं सारु म्हणजे सार आलं, पल्या म्हणजे भाजी आली, पापड आला, आणि मी खुळी, सवयीनं प्रत्येकाला हात आडवा, आणि प्रत्येक जण सरी, सरी! अहो, पायसाची बादली माझ्या नाकासमोरनं गेली, वेलचीचा वास आला मला! आणि मी बसलेय कोऱ्या पानापुढं, मिठाच्या चिमटीकडं बघत. आजूबाजूला सगळी माणसं भुरके मारतायत, आणि मला असं वाटलं की उठावं आणि मोठ्यानं ओरडावं, अरे कुणीतरी दुसऱ्यांदा विचारा रे!

कुणी नाही विचारलं. पान मिटलं आणि घरी आले. आल्यावर दिव्यश्री म्हणते, "झालं जेवण? पोट भरलं?" म्हटलं हो. काय सांगायचं? बेंगळुरात खायला काय कमी आहे?

मग कुणीतरी लिफ्टमध्ये सांगितलं, मल्लेश्वरमला जा, तिथं जुनी हॉटेलं आहेत, बसून, निवांत. मल्लेश्वरम म्हणजे कुठं, तर आम्ही या टोकाला आणि ते त्या टोकाला. मेट्रोत बसायचं, मॅजेस्टिकला उतरायचं, तिथं जिने चढायचे, उतरायचे, परत दुसऱ्या मेट्रोत बसायचं, एवढ्या वेळात निपाणीची एसटी मला माहेरी पोचवते! पण गेले. आणि हॉटेल होतं हो मनासारखं. लाकडी खुर्च्या, गुळगुळीत दगडी टेबलं, गर्दी एवढी की अनोळखी माणसं एकाच टेबलाला. मी गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणत टेकले. समोर एक बाई होती, माझ्याच वयाची, कानात कुड्या, कपाळाला बारीक कुंकू. तिचा डोसा आला. मी वाट बघतेय, आता ही सुरू करेल. ती करेना. डोसा चाललाय गार व्हायला, आणि ही बघतेय माझ्याकडं. मग माझ्या लक्षात आलं... ती थांबली होती! माझं आलं नव्हतं म्हणून! अहो, ती थांबली होती माझ्यासाठी!

मी कन्नडमध्ये म्हटलं, सुरू करा की. तर ती म्हणते, "येऊ द्या वो अक्का तुमचंपण, गडबड काय आहे?" मराठी! मल्लेश्वरमात! माझ्या "आई गं"वरनं ओळखलं म्हणे तिनं. तानूबाई नाव. पणजोबाच्या आधीपासनं बेंगळुरात, कापडाचं दुकान होतं, मालक वारले, लेक लग्न होऊन गेली, आता दुकानाच्या वर एकटीच. "आमची मराठी स्वल्प मोडकी आहे अक्का." मी म्हटलं मोडकी असू दे, बोलती आहे न्हवं? आणि त्या कोऱ्या पानाची, सरी सरीची गोष्ट तिला सांगून टाकली. माझा डोसा आला. तिनं तिच्यातला अर्धा तोडला आणि माझ्याकडं सरकवला. नको म्हटलं. "घ्या वो." नको, खरंच नको. "अक्का, सरी म्हणणारी मी नव्हे." मी हात आडवा केला... आणि तुम्हाला सांगते, तिनं माझ्या हाताखालून डोसा घातला! असा सरकवला, पत्र दाराखालनं सरकवावं तसा! मला रडूच आलं. ती म्हणाली काय झालं? म्हटलं काही नाही, चटणी तिखट आहे.

दर गुरुवारी मग आम्ही दोघी. सकाळी उठल्यापासनं मी अंघोळ करून तयार, जावईबापूंच्या घरी निघाल्यासारखी. संतोष म्हणायचा, "आई, एका डोशासाठी एवढ्या लांब?" डोशासाठी! म्हटलं, बाबा, तुला नाही कळायचं. मनातल्या मनात मी निपाणीच्या घराला कुलूप घालूनसुद्धा टाकलं होतं, किल्ली कुणाकडं ठेवायची तेवढंच ठरायचं होतं.

आणि मग ती होळिगे आली. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच, तिथं गरम गरम करून देतात, वर तूप. मी दोन आणल्या. तानूबाई म्हणाली, "नको अक्का, मला साखर आहे." झालं पहिलं नको. मी म्हटलं, आमच्याकडं कुणाला नाही? एकीनं काय होतंय! "लेक रागावते हो." दुसरं. आणि मग तिनं काय करावं? हात आडवा केला! आता सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी वाढली. बोटांच्या फटीतनं पोळी जात नाही, म्हणून हात बाजूला करून वाढली. आणि ती जेवली हो! डोळे मिटून जेवली. म्हणाली, "आमचे मालक गेल्यापासनं ‘घे’ म्हणून कोणी म्हटलं नव्हतं अक्का." मग पुढच्या गुरुवारी दोन. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी घरनं बेसनाचे लाडू नेले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामी. फोन लावला तर लेकीनं उचलला, प्रियदर्शनी. "आंटी, अम्मा हॉस्पिटलमध्ये आहे. शुगर खूप वर गेली." मग ती म्हणाली, अगदी शांतपणे हं, रागावून नव्हे, "आंटी, डोन्ट माइंड, पण ती नको म्हणत होती ना? नको म्हटल्यावर तुम्ही का दिलंत?" मी म्हटलं, "बाळ, कितव्यांदा नको म्हटली होती?"

नंतर तानूबाई बरी झाली, देवाची कृपा. पण लेकीनं तिला आपल्या घरी नेलं, होसूर रोडच्या पार पलीकडं, जिथं जायला मला अजून एक मेट्रो, एक बस आणि दोन धडके गुडघे लागतील. आणि गेले असते तरी... मला बघितलं की त्या घरातले साखरेचे डबे वर ठेवले असते त्यांनी, चोर आल्यासारखे. एका गुरुवारी मी तरीपण मल्लेश्वरमला गेले. समोरच्या खुर्चीवर कुणाची तरी कॉम्प्युटरची बॅग बसली होती. डोसा आला. बॅगेची वाट बघत मी थोडा वेळ थांबले... मग जेवून घेतलं.

दिवाळी आली तोंडावर. संतोष म्हणाला, "आई, काय ठरलं?" म्हटलं निपाणीला जाऊन येते, झाडलोट करते, मग सांगते. खरं तर जायचं ते राहायलाच, असं मनात धरून निघाले होते. तुम्ही म्हणाल, निपाणीत कोण होतं? मला पण हा प्रश्न तिथं पोचल्यावरच पडला बघा. ह्यांच्या माघारी तिथं मी काय करत होते? ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातनंच भात खात होते, भिंतीकडं तोंड करून. शेजारचे गेले पुण्याला, समोरचे मुलाकडं, गल्लीत संध्याकाळी दिवे मोजके. बेंगळुरात असताना मला आपलं वाटत होतं, निपाणीत पंगत बसलेय आणि माझंच पान तेवढं रिकामं आहे. कसली पंगत? मीच ती, आणि भिंत.

पण एक झालं होतं मधे. ते सांगायचं राहिलंच की! मी निघायच्या आधीच तानूबाईनं लेकीच्या मागं लागून फोनवर तो तोंड दिसणारा कॉल शिकून घेतला होता. दुपारी बाराला ती तिकडं ताट घेऊन बसते, मी इकडं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवायचा. तिच्या ताटात उकडलेल्या भाज्या आणि नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, लिंबाएवढा, वजन करून दिलेला! माझं वाढून होईपर्यंत ती थांबते. मी म्हणते, घे गं तानू, अजून एक पोळी घे, आणि पोळी फोनसमोर धरते. ती म्हणते नको अक्का. मी म्हणते घे. ती तिकडं हात आडवा करते, मी इकडनं पोळी फोनला लावते, फोनच्या काचेला तूप लागतं! लेकीला काळजी, तिनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, असा आग्रह चालेल.

तर निपाणीत पहिल्या दिवशी बाराला मी ताट वाढलं, फोन तांब्याला टेकवला. तानूबाई दिसते कुठं? एक गोल फिरतंय नुसतं. आमचं घर जुन्या दगडी भिंतींचं, स्वयंपाकघरात रेंजच नाही! माजघरात गेले, नाही. परसात, नाही. ताट एका हातात, फोन एका हातात, कोपरानं दार उघडून रस्त्यावर आले, तिथं कुठं तानूबाईचं डोकं दिसलं, तेपण नाकापर्यंत. फोन ताटातल्या वाटीला टेकवला, रस्त्यात उभ्यानं मी घास घेतेय, फोनला पोळी दाखवतेय, आणि गल्लीतला नागोजी सायकलवरनं जाता जाता विचारतो, "काय भागीरथीकाकू, कुणाला वाढताय?" आता याला काय सांगू?

आठ दिवसांत परत आले. संतोषला म्हटलं, राहते रे बाबा, कायमची. असा खूश झाला म्हणता! दिव्यश्रीनं उपास सोडून मला मिठी मारली. संतोष म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? सांग आता, बेंगळुरात खायला काय कमी आहे?"

म्हटलं, काही कमी नाही बाळा. स्वयंपाकघरात रेंज फुल्ल आहे.